ब्विंडीचे गोरिला: मोजणी, देखरेख आणि संवर्धन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये आणि निसर्गमंडळांत मी युगांडातल्या ब्विंडी जंगलाबद्दल, तिथल्या डोंगरी गोरिलांबद्दल बोलायला जातो. स्लाइड संपल्या की हात वर होतात, आणि नाशिक असो की सावंतवाडी, प्रश्न साधारण तेच असतात. सभागृह रिकामं करायची घाई असते, उत्तरं तोंडातल्या तोंडात राहतात, आणि परतीच्या एसटीत मला त्याची रुखरुख लागते. म्हणून ते सगळे प्रश्न इथे एकत्र करून ऐसपैस उत्तरं लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

ब्विंडी नेमकं कुठे आहे?

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या (पुढे नुसतं काँगो) सीमेला लागून. क्षेत्रफळ ३२१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क तीनदा शेजारी शेजारी मांडलं तर जेमतेम तेवढं. पण उंची आणि चढ-उतार वेगळेच. जंगलाचा तळ ११६० मीटरवर आहे आणि माथा २६०७ मीटरवर. रुहिजा हे संशोधन केंद्राचं गाव कळसूबाईच्या शिखरापेक्षाही कितीतरी उंचावर आहे. दऱ्या अरुंद, उतार निसरडे, आणि झाडांखाली वेली-नेच्यांची अशी जाळी की कोयत्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ब्रिटिशांच्या काळापासून या जंगलाला ‘अभेद्य अरण्य’ म्हणतात आणि ते नाव अजिबात अतिशयोक्त नाही. १९९१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

गोरिला म्हणजे एकच प्राणी ना? की त्यातही प्रकार आहेत?

दोन जाती आणि त्यांच्या प्रत्येकी दोन उपजाती. पश्चिमी गोरिला गॅबॉन, काँगो प्रजासत्ताक (हा वेगळा देश), कॅमेरून या बाजूला राहतात. त्यांतले सखल प्रदेशातले गोरिला तीन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे, तर नायजेरिया-कॅमेरून सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला तीनशेच्या आतबाहेर. पूर्वेकडच्या जातीत काँगोतले ग्राउअर गोरिला आणि आपले डोंगरी गोरिला. डोंगरी गोरिलांचा केस लांब आणि दाट, कारण रात्री तिथे चांगलीच थंडी पडते.

म्हैसूरच्या प्राणीसंग्रहालयात २०२१ मध्ये जर्मनीहून दोन नर आणले, ते अनेकांनी पाहिलेले असतात. ते पश्चिमी सखल प्रदेशातले. डोंगरी गोरिला जगातल्या एकाही प्राणीसंग्रहालयात नाही.

आता किती उरले आहेत?

२०१८ च्या गणनेत ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या सारांब्वे अभयारण्यात मिळून ४५९. दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर विरुंगा ज्वालामुखींची रांग आहे, ती रवांडा, युगांडा आणि काँगोत विभागलेली. तिथे २०१५-१६ च्या गणनेत ६०४. एकूण १०६३. एवढेच. १९८० च्या सुमारास विरुंगात अडीचशेच उरले होते आणि विसाव्या शतकाअखेर ही उपजात संपेल असं जाणकार उघड बोलत होते. २०१८ च्या नोव्हेंबरात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात ठेवलं. जगात मोठ्या वानरांपैकी ज्यांची संख्या वाढते आहे असे हे एकटेच.

जंगलात गोरिला मोजतात कसे? वाघांसारखे कॅमेरे लावून?

हा प्रश्न विदर्भात हमखास येतो आणि मला तो आवडतो. ताडोबात वाघ कॅमेरा ट्रॅपने मोजतात, कारण वाघ ठरलेल्या वाटांनी चालतो आणि त्याचे पट्टे कायमचे असतात. गोरिला वाटेने चालत नाहीत. पाला खात खात, कुठूनही, झुडपं दाबत पुढे सरकतात. पाणवठ्यावर मचाण बांधून बसावं, तर तेही जमत नाही; हिरव्या रसाळ देठांतूनच त्यांना बरंचसं पाणी मिळतं.

मग मोजायचं काय? त्यांचं अंथरूण.

प्रत्येक गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतो. फांद्या, देठ, वेली स्वतःभोवती वाकवून पायाखाली दाबतो आणि पाच मिनिटांत टोपलीसारखी गादी तयार होते. बहुतेकदा जमिनीवर, कधी झाडावर. एका घरट्यात एक जण. अगदी लहान पिल्लू तेवढं आईजवळ झोपतं. सकाळी उठताना ते घरट्यातच किंवा त्याच्या काठावर शौच करतात. ऐकायला कसंसं वाटेल, पण सगळी गणना या विष्ठेवर उभी आहे.

मी रुहिजाच्या बाजूने जंगलात गेलो होतो तेव्हा आमच्या ट्रॅकरने, म्हणजे माग काढणाऱ्याने, मला असं घरटं दाखवलं. मी तर त्यावरून पुढे निघून गेलो होतो. मला तो नुसता चुरगळलेला पाला वाटला. त्याने मला हाताला धरून मागे आणलं, खाली बसवलं. वाकलेले देठ मध्याकडे वळलेले दिसले. कडेला घोड्याच्या लिदीसारखी विष्ठा होती. त्याने त्यातून दोन बोटांत एक केस उचलून उजेडात धरला. मुळापासून टोकापर्यंत रुपेरी. “मोठा नर,” तो म्हणाला. पुढच्या घरट्यातली विष्ठा मध्यम आकाराची होती आणि तिच्या शेजारी अगदी छोटी, सुपारीएवढी. “आई आणि बाळ.” असं करत त्याने दहा मिनिटांत एक अख्खं कुटुंब माझ्यासमोर मांडलं. तोवर आम्ही एकही गोरिला पाहिलेला नव्हता.

गणनेच्या वेळी अनेक पथकं जंगलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पट्ट्यापट्ट्याने सरकतात. ताजा माग सापडला की तो धरून सलग तीन रात्रींची घरटी शोधायची. तीन रात्री अशासाठी की एखादं घरटं नजरेतून सुटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी चूक उमगते. विष्ठेची जाडी मोजायची: सात सेंटिमीटरहून जाड आणि सोबत रुपेरी केस असतील तर प्रौढ नर, साडेपाचपेक्षा बारीक असेल तर वयात न आलेलं पोर. मग प्रत्येक घरट्यातून थोडी विष्ठा नळीत घ्यायची, आधी अल्कोहोलमध्ये बुडवायची, नंतर सिलिकाच्या खड्यांवर सुकवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. विष्ठेबरोबर आतड्याच्या पेशी येतात, पेशींत डीएनए असतो. दोन नमुन्यांचा डीएनए जुळला तर जनावर एकच.

डीएनएची एवढी गरज आहे का? घरटी मोजली की झालं ना?

२००६ च्या ब्विंडी गणनेत दोन्ही करून पाहिलं. नुसती घरटी मोजून आकडा आला ३३६, डीएनए तपासल्यावर ३०२. फरक का पडला? काही गोरिला एका रात्रीत दोन घरटी करतात. पहिलं आवडत नाही, किंवा पाऊस येतो आणि ते जागा बदलतात. शेजारचे दोन गट वेगळे समजून मोजले आणि प्रत्यक्षात एकच निघाला, असंही होतं. जिथे एकूण जीवच चारशेच्या आत, तिथे चौतीसची चूक फार मोठी. त्यानंतर डीएनएशिवाय तिथे गणना झालेली नाही.

मग आकडा वाढला तो खरा, की मोजणी सुधारली म्हणून?

दोन्ही. हे उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात, पण प्रामाणिक उत्तर तेच आहे. २०११ पासून ब्विंडीत एकाच गणनेत जंगल दोनदा विंचरतात. पहिल्या फेरीत न सापडलेले गट दुसऱ्या फेरीत सापडतात, आणि ते बरेच असतात. त्यामुळे २००६ चे ३०२, २०११ चे ४०० आणि २०१८ चे ४५९ हे आकडे एका रेषेत मांडून “इतके टक्के वाढ” असं छातीठोक सांगता येत नाही. मात्र ज्या गटांवर रोज लक्ष असतं त्यांच्यातले जन्म-मृत्यू नावानिशी नोंदलेले आहेत, आणि त्या नोंदी वाढच दाखवतात. ४५९ हाही किमान आकडा आहे: इतके तर नक्की आहेतच.

एकेक गोरिला ओळखतात कसा? सगळे सारखेच दिसतात की.

नाकावरून. नाकपुड्यांच्या वर आणि भोवती ज्या घड्या असतात त्या प्रत्येकाच्या निराळ्या, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. १९५९-६० मध्ये अभ्यासक जॉर्ज शॅलर आणि १९६७ पासून रवांडात डायन फॉसी यांनी वहीत ही नाकं रेखाटून ठेवायला सुरुवात केली, आणि आजही नव्या ट्रॅकरचं शिक्षण त्यापासूनच सुरू होतं. जुन्या ट्रॅकरला अर्थात वही लागत नाही. आपल्याकडचा धनगर दोनशे मेंढरांतून आपलं आजारी मेंढरू पाठीवरूनच ओळखतो, तसंच हे.

रोजची देखरेख म्हणजे काय करतात?

गणना काही वर्षांतून एकदा होते. देखरेख रोज, पावसात, सणासुदीला, निवडणुकीच्या दिवशीसुद्धा.

ट्रॅकर उजाडता निघतात. काल दुपारी गट जिथे सोडला तिथून सुरुवात. तिथून माग धरायचा: सोललेले देठ, दाबलेलं गवत, मुठीचे ठसे. गोरिला चालताना हाताच्या बोटांच्या पेरांवर भार टाकतात, ओल्या मातीत ते चार ठसे स्पष्ट उमटतात. सोललेल्या देठाचा गाभा अजून पांढरा असेल तर ते जवळ आहेत, तपकिरी झाला असेल तर बराच वेळ झाला. रात्रीची घरटी सापडली की मोजायची, जीपीएसवर नोंदवायची, आणि विष्ठा पातळ आहे का, रक्त आहे का, हे पाहायचं. मग पुढे.

गट दिसला की ट्रॅकर घशातून एक खोल, लांबट हुंकार काढतात. गोरिला निवांत खात असताना एकमेकांना देतात तोच आवाज. “आम्हीच आहोत, घाबरू नका,” असा त्याचा अर्थ. पलीकडून तसाच हुंकार आला की पुढे सरकायचं. त्यानंतर हजेरी: कोण आहे, कोण नाही. नाकातून पाणी, खोकला, लंगडणं, ताजी जखम, मनगटावर फास, मादीच्या कुशीत नवं बाळ. सगळं फॉर्मवर. वाटेत सापडलेले फास, कोयत्याच्या खुणा, विझलेली चूल, हेही नोंदवलं जातं आणि संगणकावर नकाशात उतरतं, म्हणजे पुढची गस्त कुठे पाठवायची ते ठरवता येतं.

रुहिजा बाजूचा क्यागुरिलो गट १९९८ पासून मार्था रॉबिन्स यांच्या संशोधनात आहे. एका कुटुंबाच्या इतक्या वर्षांच्या नोंदी म्हणजे आजी, आई, नात असं सगळं कागदावर. कोणती मादी कोणत्या वयात गट सोडून गेली, पहिलं पिल्लू कधी झालं, कोणत्या नराने कोणाला हटवलं. मादीला पहिलं पिल्लू साधारण दहाव्या वर्षी होतं आणि पुढचं त्यानंतर चार-एक वर्षांनी. अशा जनावराबद्दल दोन-तीन वर्षांच्या अभ्यासावरून काहीच बोलता येत नाही.

हे सगळं करून उपयोग होतो, याला पुरावा काय?

विरुंगातल्या १९६७ ते २००८ या काळातल्या नोंदी संशोधकांनी एकत्र तपासल्या. ज्या गटांबरोबर रोज माणसं होती ते वर्षाला सरासरी ४.१ टक्क्यांनी वाढले. ज्यांच्याबरोबर कुणी नव्हतं ते ०.७ टक्क्यांनी घटले. उद्यान तेच, कायदा तोच, झाडं तीच. फरक एवढाच की एका बाजूला रोज कुणीतरी चालत जात होतं, फास काढत होतं, आणि आजारी जनावर दिसलं की डॉक्टरला कळवत होतं. संरक्षित क्षेत्र जाहीर करून, फलक लावून जंगल वाचत नाही, हे आपल्याला मेळघाटापासून कोकणापर्यंत माहीत आहे. तिथे ते आकड्यांत दिसलं.

गोरिलांना माणसांची सवय लावतात म्हणजे पाळतात का?

नाही. त्यांना खायला देत नाहीत, हात लावत नाहीत, हाक मारून बोलावत नाहीत. माणूस दिसला तरी त्यांनी आपलं काम चालू ठेवावं, एवढीच सवय. ती लावायला डोंगरी गोरिलांबाबत दोनेक वर्षं जातात. सुरुवातीला गट पळून जातो किंवा मुख्य नर, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला सिल्व्हरबॅक, किंचाळत अंगावर येतो. तेव्हा पळायचं नाही. खाली बसायचं, नजर खाली ठेवायची, पाला तोडून चघळल्यासारखं करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. ही माणसं दोन वर्षं रोज अंगावर येणाऱ्या दीडशे किलोच्या जनावरासमोर बसतात. त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज दरवेळी बदलतो.

याची दुसरी बाजूही आहे. माणसाला न भिणारं जनावर वाईट माणसालाही भीत नाही. म्हणून एकदा सवय लावली की त्या गटावर कायमचं लक्ष ठेवावं लागतं, मधेच सोडून देता येत नाही. ब्विंडीत पर्यटकांसाठी पहिला गट, मुबारे, १९९३ मध्ये खुला झाला, आणि त्याच्यामागे आजही रोज ट्रॅकर जातात.

सगळ्यात मोठा धोका शिकारीचा ना?

ब्विंडीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सर्दीची.

गोरिलांचा आणि आपला डीएनए सुमारे ९८ टक्के सारखा. आपले आजार त्यांना लागतात, आणि त्यांच्याकडे त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसते. १९९६ मध्ये ब्विंडीच्या कातेंदेगेरे गटात खरजेची साथ आली. केस गळाले, अंगावर पांढरे पापुद्रे आले, एक पिल्लू दगावलं. तेव्हा ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका नुकत्याच युगांडाच्या वन्यजीव विभागात पशुवैद्य म्हणून आल्या होत्या. त्यांनी बाकीच्यांना औषधाची डार्ट, म्हणजे लांबून मारायची सुई, मारून वाचवलं. मग खरूज आली कुठून याचा माग काढला. बहुधा शेतातल्या बुजगावण्यांवरच्या कपड्यांतून. गरिबाघरचे, न धुतलेले, फाटके कपडे काठीवर चढवलेले, आणि शेतात आलेल्या गोरिलांनी ते कुतूहलाने हाताळले.

त्या एका बुजगावण्याने ग्लॅडिस यांच्या कामाची दिशा ठरवली. शेजारच्या गावात खरूज असेल तर जंगलात खरूज जाणारच. २००३ मध्ये त्यांनी स्थापन केलेली संस्था गोरिलांची विष्ठा तपासते आणि त्याच वेळी गावात क्षयाची तपासणी, संडास, हात धुणं, कुटुंबनियोजन यांवर काम करते. गावातल्याच स्वयंसेवक बायका-पुरुष घरोघरी जातात. हे ऐकताना मला आपल्या आशाताई आठवतात.

श्वसनाचे आजार त्याहून घातक. २००९ मध्ये विरुंगाच्या रवांडातल्या भागात एका गटात माणसाकडून आलेल्या विषाणूची साथ येऊन एक मादी आणि एक पिल्लू मेलं. पश्चिमेकडे इबोलाने याहून भयंकर केलं: २००२-०३ मध्ये काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी परिसरात सुमारे पाच हजार गोरिला मेल्याचा अंदाज आहे. असा विषाणू ब्विंडीत शिरला तर ४५९ चे किती राहतील, हा विचारच करवत नाही.

आजारी गोरिलावर नेहमी उपचार करतात का?

नाही. जखम माणसामुळे झाली असेल (फास, भाला, माणसाकडून आलेला आजार) किंवा जीवावर बेतलेलं असेल, तरच डॉक्टर मधे पडतात. दोन नर भांडून रक्तबंबाळ झाले तर बहुधा नुसतं पाहत राहायचं. उपचार जागेवरच होतो. डार्टने औषध देतात किंवा बेशुद्ध करून फास कापतात, आणि त्या वेळात बाकी ट्रॅकर सिल्व्हरबॅकला थोपवून धरतात. विरुंगा आणि ब्विंडीत हे काम करणारं पशुवैद्यकांचं पथक १९८६ पासून आहे.

गोरिलांची शिकार अजून होते?

गोरिलासाठी म्हणून लावलेला सापळा ब्विंडीत विरळाच. फास लावतात ते ड्यूकर नावाच्या लहान हरणासाठी आणि रानडुकरासाठी. गोरिला त्यात चुकून अडकतो. मोठा नर झटका देऊन तार किंवा दोर तोडतो, पण पोराचं मनगट कापलं जातं, पू होतो, हात जातो. रवांडात २०१२ मध्ये दोन तरुण गोरिला स्वतः फास मोडताना ट्रॅकरांनी पाहिले. काही दिवसांपूर्वीच त्यांच्या गटातलं एक पिल्लू फासात मेलं होतं.

१ जून २०२० ला न्कुरिंगो गटाचा सिल्व्हरबॅक राफिकी मारला गेला. लॉकडाउनमुळे पर्यटन बंद, गावात हाताला काम नाही, फास लावणारे वाढलेले. लहान प्राण्यांच्या शिकारीला गेलेल्यांची आणि गटाची गाठ पडली, राफिकी पुढे आला आणि भाल्याने मेला. गटात सतरा जण होते. सिल्व्हरबॅक गेला की गट फुटू शकतो, बाहेरचा नर आला तर आधीची पिल्लं मारू शकतो. मुख्य आरोपीला ११ वर्षांची शिक्षा झाली. ती योग्यच, पण गावात तेव्हा चूल पेटत नव्हती, हेही त्याच गोष्टीत सांगावं लागतं.

गोरिला शेतात येतात तेव्हा शेतकरी काय करतो?

बिबट्या, रानडुक्कर, वानर यांच्याशी रोज झगडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. ब्विंडीला जंगल संपतं तिथे शेत सुरू होतं. मधे रेघ मारल्यासारखी. गोरिला येतात ते केळीसाठी. केळ्यांत त्यांना फारसा रस नाही. खुंट उभा चिरून, पदर सोलून आतला पांढरा गाभा खातात, आणि एका सकाळी शेतकऱ्याची वर्षाची बाग आडवी होते.

गावोगावी स्वयंसेवकांची पथकं आहेत. गोरिला शेतात आले की ती घंटा, शिट्ट्या, आरडाओरडा करत, दगड न मारता, हळूहळू त्यांना जंगलाकडे वळवतात. काही हद्दींवर चहा लावला आहे, कारण चहाला गोरिला तोंड लावत नाहीत. न्कुरिंगो बाजूला जमीन विकत घेऊन जंगल आणि शेतं यांच्यामधे बफर पट्टा केला. हे सगळं होऊनही नुकसान होतंच, आणि ते सोसणारा माणूस डॉलरमध्ये कमावणारा नसतो.

या जंगलात पूर्वी माणसं राहत नव्हती का?

राहत होती. बात्वा. शिकार, मध, कंदमुळं यांवर पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलात जगलेला समाज. १९९१ मध्ये उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढलं. बहुतेकांना ना जमीन मिळाली ना भरपाई. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी आणि कडेला झोपडी, असं त्यांचं आयुष्य झालं. २०१३ मध्ये ते कोर्टात गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल आणि हातात पडणारी जमीन यांत किती अंतर असतं ते आपल्या धरणग्रस्तांना विचारा.

गोरिला वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी कधी गोरिला मारून खाल्ला नाही अशा लोकांनी मोजली, आणि हे सांगितल्याशिवाय ब्विंडीची गोष्ट मी कधीच पूर्ण करत नाही. आता काही बात्वा ट्रॅकर म्हणून, वाटाडे म्हणून काम करतात. जंगल त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. ही संधी फार उशिरा आणि फार थोड्यांना मिळाली.

पर्यटनाचा पैसा कुठे जातो?

जुलै २०२४ पासून परदेशी पाहुण्यासाठी युगांडात एका भेटीचं परमिट ८०० डॉलर आहे, रवांडात २०१७ पासून १५०० डॉलर. युगांडात हा पैसा वन्यजीव विभागाकडे जातो, आणि त्यातून गोरिला नसलेली, पर्यटक न येणारी उद्यानंसुद्धा चालतात. गावांच्या वाट्याला उद्यानाच्या प्रवेशशुल्काचे २० टक्के आणि प्रत्येक गोरिला परमिटमागे १० डॉलर. माझ्या मते दहा डॉलर फार कमी आहेत. केळीची बाग ज्याची जाते त्याच्यापर्यंत त्यातलं काय पोचतं, हा प्रश्न तिथल्या गावसभांतही विचारला जातो.

एवढे गोरिला वाढले, आता चिंता नको ना?

जंगल वाढलेलं नाही. चारही बाजूंनी दाट वस्ती असलेलं ते एक बेट आहे, आणि ब्विंडीतून विरुंगाला जायला जंगलाचा धागा उरलेला नाही. विरुंगात एका भागात गट दाटीने वाढले तेव्हा नरांच्या मारामाऱ्या वाढल्या, पिल्लं मारली जाऊ लागली आणि वाढीचा वेग खाली आला. फेब्रुवारी २०२० मध्ये युगांडाच्या म्गाहिंगा उद्यानात एका वादळात चार गोरिला मेले, बहुधा वीज पडून. तीन माद्या, त्यांतली एक गाभण, आणि एक पिल्लू. एका झटक्यात.

मोबाईलमुळे गोरिला मरतात, हे खरं का?

ब्विंडीत नाही. पूर्व काँगोत ग्राउअर गोरिलांच्या जंगलात कोल्टन (हे मोबाईलच्या भागांत लागतं) आणि इतर खनिजांच्या खाणी आहेत. खाणीवरची माणसं रानातलं मांस खातात, आणि सशस्त्र टोळ्या त्या खाणींवर जगतात. जुना फोन कपाटात न टाकता पुनर्वापराला देणं चांगलंच.

भारतातून जायचं असेल तर?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईहून युगांडातल्या एंटेबे विमानतळावर थेट विमानसेवा सुरू झाली. तिथून ब्विंडी मोटारीने अख्ख्या दिवसाचा प्रवास. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि पिवळं कार्ड जपून ठेवा. ते नसेल तर परत येताना भारतातच विलगीकरणात बसवतात. वय पंधरा पूर्ण हवं. एका गटाला दिवसातून एकदाच, आठच पाहुणे, एकच तास. अंतर दहा मीटर, तोंडावर मास्क.

हे अंतर पाळणं सोपं नाही. माझ्या वेळी एक तीन-चार वर्षांचं पोर टुणटुण उड्या मारत थेट माझ्या बुटांकडे आलं. कॅमेऱ्यात टिपावं असा क्षण. ट्रॅकरने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं आणि नंतर क्षमाही मागितली. पर्यटक जवळ सरकतात, गोरिला जवळ येतात, आणि बक्षिसीच्या आशेने काही वाटाडेही दुर्लक्ष करतात. दहा मीटर होतात तीन. म्हणून वाटाड्याला निघतानाच सांगा: “आम्हाला जवळ नेऊ नका, आम्ही तरीही खूश असू.” आणि त्या सकाळी घसा खवखवत असेल, नाक वाहत असेल, तर परमिटचे पैसे गेले तरी चालतील, वर जाऊ नका. खोलीच्या व्हरांड्यातूनही जंगल दिसतं, पहाटे त्यावर धुकं असतं, आणि नशीब असेल तर खालच्या दरीतून छाती बडवल्याचा आवाज वर येतो.